तपासल्याची सही

या, असं जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकलं की गोष्ट अर्धीच पोचते. बुवांचा चहा व्हायचाय, पेटीवाल्याचा सूर अजून लागायचाय. तेवढ्या अवकाशात एक गोष्ट सांगतो. हिच्यात चमत्कार नाही, राक्षस नाही, कोणी कोणाला शाप देत नाही. धुळ्यात एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे गिरवणारी एक बाई होती, तिच्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक तिची आहे असं कोणी म्हणेना, एवढीच गोष्ट. पण मन लावून ऐका, कारण ती बाई तुमच्याआमच्यासारखीच कीर्तनाला खांबाजवळ बसणारी होती.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. सुगंधाबाई डबा धुऊन, पदराला हात पुसत आपल्या खुर्चीकडे येत होती, तेवढ्यात बांधकामावरचा मुकादम धनसिंग काखेत नकाशाची गुंडाळी मारून आत आला. अंगावर सिमेंटची धूळ, पायात फाटक्या चपला. पिंपळनेरच्या पुढच्या गावाहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघालेला. त्याने गुंडाळी टेबलावर उलगडली, दोन कोपऱ्यांवर आपले पंजे ठेवले आणि म्हणाला, "अक्का, दार नाल्याकडं निघालं."

"कोणतं दार?"

"बायांचं. सभामंडपाचं. भिंती माथ्याला आल्या, काल चौकट उभी करायला गेलो, तर भिकुबाई म्हातारी आडवीच पडली ना! म्हणे, इकडून कोण जाईल, भुतं?" धनसिंग स्वतःच हसला आणि सुगंधाबाईचं तोंड बघून सावरला. "इतके दिवस बायांना वाटलं, ते भोक वाऱ्यासाठी ठेवलंय. आपलं दार मागाहून फोडतील."

काचेच्या खोलीतून अभिमन बाहेर आला, अनवाणी. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला चालत नसत, देवघरासारखं होतं ते. नरडाण्याचा हा पोरगा नाशिकला कोर्स करून आलेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा, बोलायला गोड. त्याने नकाशावर मान वाकवली, ओठांत काहीतरी पुटपुटला, परत आत जाऊन पडद्यावर तोच नकाशा काढला. काळ्या पाटीवर पांढऱ्या रेघा उमटल्या. "पालटलं," तो म्हणाला. "साहेब म्हणाले होते, पाण्याची टाकी पलीकडच्या अंगाला घ्या. तर मी सगळा मंडपच एका झटक्यात आरशासारखा पालटला. दार तेवढं मग परत इकडे आणायचं होतं." डोळे पडद्यावरून न काढता म्हणाला, "राहिलं."

"पण अक्षरं सुलटी आहेत," सुगंधाबाई म्हणाली.

"आँ?"

"लेडीज डोअर लिहिलंय ना तिथे. सुलटं वाचता येतंय. कागद पालटला असता तर अक्षर उलटं दिसलं असतं."

अभिमनच्या चेहऱ्यावर समजूत घातल्यासारखं हसू आलं. "अक्का, यात अक्षरं उलटत नाहीत. तशी सोय ठेवता येते. आकृती पालटली तरी अक्षर आपलं जागच्या जागी सुलटं."

ती टेबलावरच्या नकाशावर वाकली. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे नकाशाची चौकट असते, तिथे छापलेलं होतं: काढणार, अभिमन. त्याखाली: तपासणार. आणि त्यापुढे निळ्या शाईत तिची सही, तिच्या स्वतःच्या हाताची, अजिबात न थरथरलेली. तिला आठवत होतं, त्या दिवशी तिने हा कागद खिडकीजवळ नेला होता, चष्मा कपाळावरून खाली ओढला होता, आणि सगळ्यात आधी अक्षरं बघितली होती. सुलटी होती. उत्तरेचा बाण वर होता. मग नजर कशी घरंगळत गेली होती, बाजाराच्या रस्त्याने घरी जाताना जाते तशी, दुकानं असतातच तिथे म्हणून न बघता. आधी अक्षर बघायचं. हे तिला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. जळगावला जिनिंग प्रेसमध्ये तिचे वडील कापसाच्या गठाणींवर मार्का मारायचे. पत्र्यात अक्षरं कोरलेली, त्या पत्र्यावरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा की गठाणीच्या पोटावर नाव उठायचं. पत्रा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसे, आणि घाईत उलटा बसला की सगळी गठाण वाया, मालकाच्या शिव्या. दुपारी भाकर घेऊन गेलेली लहान सुगंधा कापसाच्या उडत्या तंतूंत शिंकत उभी असायची, आणि वडील, उखर्डूनाना, म्हणायचे, "बाई, आधी अक्षर दख. अक्षर सुलटं तर बठ्ठं सुलटं." अक्षर सुलटं की सगळंच सुलटं. जिनिंगचा तो तेलकट गरम वास, नानांच्या मिशीत अडकलेला कापूस, आणि पत्रा उचलल्यावर ओलं चमकणारं अक्षर. पुढे ती ट्रेसिंगचा कोर्स शिकली, पारदर्शक कागदावर रेघा ओढायला लागली, तेव्हाही तेच खरं निघालं. एकमेकांच्या आरशातल्या छबीसारख्या जोडघरांसाठी कागद पालटून मागून गिरवायचा असे. अक्षर उलटं दिसलं की समजायचं, आपण मागच्या बाजूला आहोत. आयुष्यभर तिने एवढ्या एका गोष्टीवर विश्वास ठेवला होता. नवरा सुरतेला कामाला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हाही तिला वाटलं होतं, असू दे. काही गोष्टी तरी जशा दिसतात तशा असतात.

ऑफिसचे मालक रतिलाल साहेब पलीकडे टेलिफोनवर बोलत होते. फोन ठेवून त्यांनी धनसिंगचं ऐकून घेतलं, नकाशा बघितला, जिभेने च्यक केलं. भला माणूस. वडिलांच्या वेळेपासून ऑफिस चालवणारा, आवाज न चढवणारा. म्हणाले, "मशीनची चूक आहे. अभिमन, पुढच्या वेळी जपून. धनसिंग, छत टाकायच्या आत कळलं हे नशीब. ती भिंत फोडा, ही बुजवा."

"साहेब, सही माझी आहे," सुगंधाबाई म्हणाली.

"हो हो."

"मी तपासलं होतं. माझ्याकडून राहिलं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. "अक्का, मनाला लावून घेऊ नका," ते मायेने म्हणाले. "तुमच्या सहीवर थोडंच काम अडतं? ते आपलं... तुमचं नाव राहावं म्हणून. जा, चहा घ्या." आणि ते परत फोनकडे वळले.

चहा आला. वर साय धरेपर्यंत ती कपाकडे बघत राहिली. तुमचं नाव राहावं म्हणून. म्हणजे त्या चौकटीत कोणी बघतच नव्हतं. आता तिला सगळं नव्याने दिसायला लागलं, जणू कोणी आतून दिवा सरकवला. कॉम्प्युटर आला त्या दिवशी साहेबांनी तिच्याच हाताने नारळ फोडायला लावला होता, पडद्याच्या कपाळी कुंकू तिनेच लावलं होतं. पेढे वाटले होते. प्लॉटरचं यंत्र आलं तेव्हा गल्ली नंबर पाचमधले दुकानदारसुद्धा बघायला आले. कागद आपोआप मागेपुढे सरकतोय आणि बोटाएवढी पेनं हाताशिवाय रेघा ओढताहेत. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती फक्त आवाज ऐकत होती. पेन कागदावरून जातानाचा तो बारीक आवाज तिच्या ओळखीचा होता, पण त्यात श्वास नव्हता. लांब रेघ ओढताना माणूस श्वास धरतो आणि रेघ संपली की सोडतो, हे त्या यंत्राला ठाऊक नव्हतं. साहेबांनी तिला शिकवायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोला. अभिमन शेजारी स्टूल घेऊन बसायचा, "माऊस असा धरा अक्का, उंदीर पळून नाही जायचा," असं म्हणून हसवायचा. पण हात टेबलावर सरकायचा आणि रेघ भलत्याच ठिकाणी, समोरच्या काचेत उमटायची. हाताला काही लागतच नसे. आणि खोडलेलं कुठे जायचं? शाईची रेघ चुकली तर ती अर्ध्या ब्लेडने हळूहळू खरवडायची, नखाने घासून जागा गुळगुळीत करायची. तरी कागद उजेडाला धरला की तिथे मळकट ढगासारखं काहीतरी राहायचंच. चूक कागदाच्या अंगात मुरायची. इथे एक कळ दाबली की मागे काही नाही, जणू ती चूक करायला कोणी बसलंच नव्हतं. पुढे तिचं गिरवायचं काचेचं टेबल गच्चीवरच्या खोलीत गेलं, आणि साहेब म्हणाले, अक्का, आता तुम्ही गिरवायचं नाही, तुम्ही तपासायचं. तिला केवढा अभिमान वाटला होता! देवपूरच्या खोलीवर जाऊन तिने घरमालकिणीला, शेवंताबाईंना, वाटीभर शिरा दिला होता. बढती झाली म्हणून.

संध्याकाळी गल्लीतल्या राममंदिरात कीर्तन होतं. सुगंधाबाई नेहमीच्या खांबाशी बसली. दगड अंगाला गार लागला. बुवा पूर्वरंगात रंगले होते, भक्त मोठा की देव असा वाद त्यांनी उभा केला होता, आणि दर थोड्या वेळाने ते हात उंचावून अर्धं वाक्य सोडून द्यायचे आणि सगळी सभा ते पुरं करायची. ही जागा तिला फार आवडायची. एकटीच्या खोलीत दिवसच्या दिवस स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, इथे तो शंभर आवाजांत मिसळून देवापर्यंत जायचा असं तिला वाटे. आज बुवांनी हात उंचावला आणि ती मुद्दाम गप्प राहिली. वाक्य पुरं झालं. तितकंच भरीव, तितकंच गोड. पुन्हा हात उंचावला, पुन्हा ती गप्प, पुन्हा वाक्य पुरं. शेजारची बाई डोळे मिटून डुलत होती. देवा, तू तरी मोजतोस का रे, सुगंधाबाईने मनात विचारलं. का तिथेही माझं नाव राहावं म्हणूनच ठेवलंयस? आणि असं विचारल्याबद्दल तिने लगेच गालात मारून घेतलं. आरती झाली. प्रसादाची खडीसाखर हातावर पडली. ती चघळत घरी जाताना पांझरेच्या पुलावर थांबली. पात्रात पाणी थोडं, दगडच जास्त, आणि पुलावरून सायकली जातच होत्या. तिला उमगलं की आपल्याला काय हवं आहे. माफी नको होती, ती तर मागण्याआधीच वाटेवर पडली होती. तिला ती चूक हवी होती. कारण त्या सगळ्या मंडपात एकच गोष्ट तिची होती, आणि ती ते दार होतं.

ते कसं, तेही सांगायला हवं. बाकी जन्मभर तिने दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघा ओढल्या. शाळा, गोदामं, ओटे, पाण्याच्या टाक्या. पण या मंडपाचं काम आलं तेव्हा गावकऱ्यांबरोबर भिकुबाई आली होती. कपाळावर रुंद गोंदण, हातात चपला घेतलेली, कारण ऑफिसची फरशी चकाकत होती. पुरुष साहेबांशी खांबांच्या उंचीवर बोलत होते. म्हातारी सरळ सुगंधाबाईच्या टेबलाशी येऊन उभी राहिली, दुसरी बाई तिथे नव्हतीच. "माय, आमले कीर्तनमझार उठनं पडस," ती कुजबुजली. "ढोरे ऱ्हातस, पोरे ऱ्हातस. पुढला दारथून निंघाले लाज वाटस, बठ्ठा आमनाकडेच दखतस. आमनं दार आमना घरकडे काढी दे." गुरं-लेकरं बघायला कीर्तनातून उठायचं, तर सगळ्यांच्या नजरेसमोरून नको, एवढंच तिचं म्हणणं. घरं उगवतीला होती, नाला मावळतीला. सुगंधाबाईने साहेबांच्या कच्च्या नकाशावर पेन्सिलीने उगवतीच्या भिंतीत एक दार काढलं, झडप उघडते ती पाव वर्तुळाची रेघ ओढली, आणि साहेब टेबलाशी आले तेव्हा म्हणाली, बायांसाठी हवं. साहेब म्हणाले, ठीक आहे. बस, एवढंच. आणि तेच दार तिने स्वतःच्या सहीने नाल्यात ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेलीच नाही. एसटी स्टँडवर धनसिंगला गाठलं. "तुम्ही कशाला अक्का? साहेबांनी पाठवलं का?" "नाही." मग त्याने दोन तिकिटं काढली. साक्री गेली, पिंपळनेर आलं, पुढे विटांच्या ट्रॅक्टरवर बसून धुळीतून जावं लागलं. मंडप तिने कागदावर इतक्या वेळा बघितला होता, तरी ओळखू आला नाही. कागदावर तो तिच्या पंज्याएवढा होता. इथे भिंती तिच्या डोक्यावरून गेल्या होत्या, आत उन्हाचा चौकोन पडला होता, ओल्या सिमेंटचा वास होता, आणि मावळतीच्या भिंतीत ते दार होतं. ती त्या दारात जाऊन उभी राहिली. खाली बाभळी, खोल घळ, एक शेळी. इथून लेकरू काखेत घेऊन निघालेली बाई कुठे जाईल? कागदावर ही फक्त पाव वर्तुळाची एक रेघ होती.

"हाई बाई कोन शे?" मागून आवाज आला. भिकुबाई डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन उभी होती.

"मी धुळ्याच्या ऑफिसातली. तुम्ही मला दार सांगितलं होतं."

म्हातारीने डोळे बारीक केले. "मंग सांगेल कोठे, आनि काढं कोठे?"

"मी तपासून सही केली होती. चूक माझी आहे."

धनसिंग घाईने मध्ये पडला, "आजी, ते मशीनमुळं झालं बरं का, कॉम्प्युटर असतो—"

"तू चूप बस," भिकुबाई म्हणाली. तिने कळशी खाली ठेवली, पदर खोचला, आणि मग ती जे सुरू झाली ते सबंध गावाने ऐकावं असं. "सही तुनी शे ना? मंग तुना डोया कोठे व्हतात? मी तुले बाई समजीसन सांगं! माणसंले सांगं नही, तुले सांगं! आते आम्ही काय नालामझार उड्या मारूत का पोरे लईसन? आमना बायासनी डोकावर इटा वाह्यात ह्या भितले!" ओट्यावरच्या बाया गोळा झाल्या. कोणी तोंडाला पदर लावून हसली, कोणी म्हणाली, जाऊ दे ओ माय, शहरनी बाई शे. "शहरनी शे तं काय व्हयनं? डोया नहीत का?" भिकुबाई थांबायला तयार नव्हती. सुगंधाबाई मान खाली घालून उभी होती. कानशिलं तापली होती, डोळ्यांत पाणी भरत होतं, आणि त्या पाण्याच्या मागे, अगदी आत, काहीतरी आपल्या जागेवर येऊन बसत होतं. कोणीतरी तिच्यावर चिडलं होतं. कोणीतरी तिच्यावर विसंबलं होतं, म्हणून चिडलं होतं. नाना गेल्यापासून असं कोणी बोललं नव्हतं तिला.

"दार कुठे हवं ते तुम्ही दाखवा," ती म्हणाली. "मी आत्ता आखून देते."

भिकुबाई धापा टाकत उगवतीच्या भिंतीपाशी गेली आणि तळहात थापटला. "आठे." धनसिंगने खडूचा तुकडा दिला. सुगंधाबाईने चष्मा सारखा केला, श्वास धरला, आणि विटांवर रेघ ओढायला सुरुवात केली. जन्मात पहिल्यांदा ती खऱ्या मापाची रेघ ओढत होती, उभं राहून, टाचा उंचावून. आणि ती रेघ वाकडी आली. थोडी नाही, चांगली वाकडी, पावसात झुकलेल्या कपाशीसारखी. बाया खो खो हसल्या. धनसिंगने ओठ चावले. भिकुबाईने मागे सरून पाहिलं, आणि तिच्याही रागावलेल्या तोंडाची घडी मोडली. ती दात नसलेलं हसू हसली. "सही ते सही, रेघबी तशीच!" मग ओळंबा सोडला, त्याच्या दोरीवर धनसिंगने दुसरी रेघ मारली, पहिली तशीच राहू दिली. गवंड्याने छिन्नीवर पहिला घाव घातला तेव्हा सगळ्यांच्या अंगावर लाल धुरळा उडाला. कोणीतरी तिच्या हातात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर दिली, ठेच्यासकट. भिकुबाई शेजारी बसून तिच्या जेवणाकडे बघत होती आणि अधूनमधून मान हलवत होती, राग अजून पुरता उतरलेला नव्हता. तेही बरंच होतं.

परतीच्या गाडीत शेजारची जागा साक्रीपर्यंत रिकामी होती. तिने पिशवी मांडीवरच ठेवली, त्या जागेवर ठेवली नाही; कोणी येऊन बसलं तर बसू दे म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांना म्हणाली, "मी बघितल्याशिवाय माझी सही घालायची नाही. आणि मला बघायला वेळ लागेल. आरशासारखं पालटलं की काय काय पालटत नाही, ते सगळं मला आधी शिकायचंय." साहेब हो म्हणाले, पण त्यांचा एक कान फोनकडे होता, त्यांना किती कळलं देव जाणे. दुपारी तिने कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढल्या आणि अभिमनच्या शेजारी स्टूल ओढून घेतलं. त्याने हळूच विचारलं, "अक्का, ती म्हातारी खरंच रागावली का हो तुमच्यावर?"

"रागावली म्हणजे?" सुगंधाबाई म्हणाली. "सगळ्या गावादेखत! अरे, मला नाल्यात ढकलायचीच बाकी राहिली होती." आणि हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की अभिमन पडद्याकडे बघायचं विसरला.

झाली गोष्ट. पुढे तिने किती नकाशे तपासले, डोळे कधी गेले, ती खोली कधी सोडली, मला सांगता येणार नाही. विचारणारं तिचं कोणी नव्हतं, म्हणून सांगणारंही उरलं नाही. ते बघा, बुवा उभे राहिले. आता ते हात उंचावून अर्धं वाक्य सोडतील आणि आपण सगळे ते पुरं करू. माझं एवढं मागणं आहे, मंडळी: तेव्हा एक आवाज कमी आहे असं क्षणभर मनात आणा. सुगंधाबाई तिचं नाव. देवपूरला राहायची.